अ‍ॅनने नाव घेतलं नाही

शमीम,

काल दुपारी इक्बालभाई आले आणि तुझा लॅपटॉप आणि रूथबाईंच्या कागदांचं खोकं माझ्या दारात ठेवून गेले. "घरात ठेवलं तर झोया रोज उघडून बसते," एवढंच म्हणाले. आत या म्हटलं, तर गाडी चालू ठेवून आलोय म्हणाले. तुझा नवरा सलव्यातल्या घरून इथे फिंतासपर्यंत गाडी चालवत आला आणि माझ्याकडे पाणीसुद्धा न पिता परत गेला. तू असतीस तर आधी त्यांना रागावली असतीस आणि मग मला, की तू आग्रह का नाही केलास.

खोकं मी अजून उघडलेलं नाही. त्याआधी तुला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक तू असतानाची आहे, दुसरी तू गेल्यानंतरची. पहिली सांगायची तेव्हा तू समोर होतीस आणि माझी हिंमत झाली नाही.

आपण भेटलो त्याला नऊ वर्षं झाली. मी शाळेच्या ग्रंथालयात अर्धा दिवस काम करत होते आणि झोयाने हरवलेल्या पुस्तकाबद्दल बोलायला तू आली होतीस. मी फोनवर आईशी बोलत होते. तू काउंटरला हात टेकून थांबलीस आणि माझा फोन संपल्यावर म्हणालीस, "तुम्ही नाशिककडच्या ना? आमच्या शाळेत नाशिकच्या एक बाई होत्या, अशाच बोलायच्या." तू दाभोळच्या खाडीकाठची, मराठी शाळेत शिकलेली. कुवेतमध्ये इतकी वर्षं राहूनही तुझं 'काय गो' सुटलं नव्हतं. त्या दिवशी पुस्तकाचा विषय राहूनच गेला. झोया तेव्हा आठ वर्षांची. आपण दोघी बोलत होतो आणि ती मध्येच "मम्मा, can we go?" म्हणत तुझी ओढणी ओढत होती.

रूथबाई तुझ्या खालच्या मजल्यावर राहायच्या. अमेरिकन, इंग्रजीच्या शिक्षिका, एकट्या. तू सांदण केलंस की एक ताट खाली जायचं. निवृत्त होऊन परत निघाल्या तेव्हा पंचाहत्तरी उलटली होती. जाताना त्यांनी भांडी वाटली, झाडं वाटली, आणि तुला बोलावून ते खोकं दिलं. त्यांच्या वडिलांनी आयुष्यभर जमवलेले घराण्याचे कागद. हेझलडीन घराणं. इंग्लंडच्या डेव्हनमधल्या एका जमीनदाराचा धाकटा मुलगा, रॉबर्ट, साडेतीनशे वर्षांपूर्वी बोटीने अमेरिकेतल्या मेरिलँडला गेला. तेव्हा तिथे इंग्रजांचीच वसाहत होती. त्याने तंबाखूची शेती केली, त्याला थॉमस झाला, आणि थॉमसपासून अकरा पिढ्या खाली उतरलं की रूथबाई. वडिलांचं काम पुरं करायचं राहिलं, आता डोळे साथ देत नाहीत, तू जुने कागद वाचतेस असं तूच सांगितलं होतंस, तर बघशील का, असं त्या म्हणाल्या.

जुने कागद तू वाचायचीस ते मोडीतले. तुझे अब्बा तालुक्याच्या कचेरीबाहेर बसून लोकांना मोडीतले दस्त वाचून द्यायचे आणि लहानपणी तू त्यांच्या शेजारी बसून शिकलीस. मी तुला म्हटलं होतं की मोडीचा आणि या इंग्रजीचा काय संबंध. तर दुसऱ्या दिवशी तू मला फोनवर फोटो पाठवलास आणि लिहिलंस, 'तसंच आहे गो. लेखणी उचलायचीच नाही अशी शपथ घेतल्यासारखं.' मला त्या पानावर गुंता दिसत होता. तुला महिन्याभरात ते वाचता यायला लागलं.

इक्बालभाई शुवैखला गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात आणि झोया शाळेत, अशा वेळी सकाळी आठ ते एक तू जेवणाच्या टेबलावर बसायचीस. त्या वसाहतीच्या कोर्टाच्या वह्या, मृत्युपत्रं, करांच्या याद्या, सगळ्याची पानं कोणीतरी फोटो काढून इंटरनेटवर ठेवली होती. तुझा इकामा, इथे राहण्याचा परवाना, नवऱ्याच्या नावावरचा, त्यावर नोकरी करता येत नव्हती. "हे काम मला इथे कोणी अडवू शकत नाही," असं तू एकदा म्हणालीस. माझी सुट्टी असली की मी गाडी घेऊन यायचे. तू वाचायचीस, मी तुझ्या सांगण्यावरून टाइप करायचे. मला त्यात फार कळत नव्हतं. मला तुझ्याकडे यायला कारण हवं होतं, हे मी तुला कधी सांगितलं नाही.

मग एका सकाळी दहाच्या सुमाराला ग्रंथालयात तुझा फोन आला.

"मेधा, थॉमस नाहीये."

"कोण थॉमस?" मी पहिलीच्या मुलांना रांगेत उभं करत होते.

"रॉबर्टचा मुलगा. रॉबर्टचं मृत्युपत्र मिळालं. दोन मुली आहेत, बायको आहे, घोडा आहे, पलंग आहे, पितळेची भांडी कोणाला द्यायची ते आहे. मुलगा नाहीये."

"मग मृत्युपत्र लिहिल्यावर झाला असेल."

"मरणाच्या खाटेवर लिहिलंय. मेल्यावर झाला?" तू म्हणालीस.

त्यानंतर जवळजवळ वर्ष तू थॉमसचा शोध घेतलास. रूथबाईंच्या वडिलांनी तो जन्म कुठून आणला त्याचा कागद खोक्यात नव्हता. बाकी प्रत्येक पिढीला त्यांनी पुरावा लावला होता, थॉमसपुढे फक्त 'रॉबर्टचा पुत्र' असं सुंदर अक्षरात लिहिलं होतं. शेवटी कोर्टाच्या वहीत तुला ते पान मिळालं. मी तुझ्याकडेच होते तेव्हा. तू आधी मनात वाचलंस, मग मोठ्याने मराठीत सांगायला लागलीस, तुझ्या अब्बांच्या दस्तांच्या भाषेत.

"रॉबर्ट हेझलडीन यांच्याकडे बोटीच्या भाड्यापोटी काही वर्षं राबण्याच्या करारावर असलेली नोकरीण अ‍ॅन, हिला लग्नाशिवाय मुलगा झाला. सुइणीने कळा चालू असताना बापाचं नाव विचारलं. शेजारच्या बायांनी विचारलं. कोर्टाने विचारलं. तिने नाव घेतलं नाही. सबब तिच्या कराराची मुदत वाढवण्यात येत आहे. मूल थॉमस हे एकवीस वर्षांचं होईपर्यंत सदर रॉबर्ट यांच्याकडे बांधून देण्यात येत आहे."

मी विचारलं, "कळा चालू असताना विचारलं म्हणजे?"

"म्हणजे तेव्हा बाई खोटं बोलत नाही असं ते धरायचे. नाव सांगेपर्यंत सुईण मदत करायची नाही, असंही असायचं. मी वाचलंय." तू परत त्या ओळीवर बोट ठेवलंस. "आणि हिचं आडनावच लिहिलेलं नाहीये बघ. फक्त अ‍ॅन. घोड्याचं नाव आहे मृत्युपत्रात."

पुढे करांच्या यादीत तू दाखवलंस, 'थॉमस, राहणार हेझलडीनकडे', आणि काही वर्षांनी नुसतंच 'थॉमस हेझलडीन'. घराचं नाव पोराला चिकटलं. कागदांवरून रूथबाई त्या जमीनदाराच्या वंशातल्या नव्हत्या. त्या अ‍ॅनच्या वंशातल्या होत्या.

त्याच दिवशी मी निघताना लिफ्टमध्ये तुझ्या घरमालकाकडे काम करणारी बाई होती, आंध्रातली, कचऱ्याच्या पिशव्या घेऊन. तुम्ही रोज एकमेकींना हसायचात. तू मला खाली सोडायला आली होतीस. तू तिला हिंदीत विचारलंस, "तुम्हारा पूरा नाम क्या है?" ती घाबरली. तिला वाटलं काही तक्रार आहे. तू तिला समजावत राहिलीस आणि ती खाली उतरून भराभर निघून गेली. तुला फार वाईट वाटलं होतं.

मग आपलं भांडण सुरू झालं, ते शेवटपर्यंत संपलं नाही.

मी म्हणत होते, रूथबाईंना हे सांगू नकोस. त्या ऐंशीच्या पुढे गेल्या होत्या, तब्येत बरी नव्हती, भाचीकडे राहत होत्या. त्यांच्या वडिलांनी चाळीस वर्षं जे केलं त्याच्या मुळाशीच चूक आहे, हे ऐकून त्यांचं काय भलं होणार होतं? तू म्हणायचीस, त्यांनी विचारलंय, तर उत्तर द्यायला हवं. यावर मी एक तोडगा काढला आणि मला तो फार हुशारीचा वाटला. जमियातून वाणसामान घेऊन झालं होतं, ते गाडीत ठेवून आपण पार्किंगमध्ये बसलो होतो.

"अगं, बाप रॉबर्टच असेल," मी म्हटलं. "तिला कोर्टात नाव घेता येईना, कारण मालकच बाप. म्हणूनच त्याने मूल घरात ठेवून घेतलं. मग थॉमस रॉबर्टचाच की. रूथबाईंची वंशावळ बरोबर. तू एवढंच लिही की रॉबर्ट बाप असण्याची शक्यता आहे."

"असेलही," तू म्हणालीस.

"मग?"

"मेधा, तुमच्यात लग्नात नाव घ्यायला लावतात ना? नवरीला अडवून धरतात, नाव घे म्हणून."

"हो. पण ते हौसेचं असतं."

"हिला पण अडवून धरलं. कळा येत असताना. तरी तिने नाव घेतलं नाही. का घेतलं नाही ते आपल्याला माहीत नाही. भीती असेल, दुसरा कोणी तिच्यासारखाच नोकर असेल, त्याला वाचवत असेल. काही असेल. तिच्याकडे स्वतःचं म्हणून तेवढंच होतं, की सांगणार नाही. आता साडेतीनशे वर्षांनी मी कुवेतमध्ये बसून तिच्या वतीने नाव घेऊ?"

मी चिडले. मी काय म्हणाले ते मला शब्द न् शब्द आठवतं. "तू या मेलेल्यांच्या मागे लागलीयस आणि घरात जिवंत पोर तुझ्याशी इंग्रजीत बोलते ते तुला कळत नाही." तुझ्या मांडीवर दह्याचा डबा होता, तो तू दोन्ही हातांनी धरून बसलीस. मग म्हणालीस, "चल, पाठ दुखतेय. बसवत नाही."

पाठ तुझी त्याआधीपासून दुखत होती. मी तुला खुर्ची बदल म्हणून सांगितलं होतं. उशी आणून दिली होती. तासन् तास बसतेस म्हणून दुखते, जरा चालत जा, असं मी तुला तीन महिने सांगत राहिले. ते माझं निदान होतं, आणि मी ते इतक्या खात्रीने सांगायचे की तूही मानलंस. तू बारीक व्हायला लागलीस तेव्हा मी तुझं कौतुक केलं. डॉक्टरांनी स्वादुपिंडाचा कॅन्सर सांगितला तेव्हा तो यकृतापर्यंत पोहोचला होता. लवकर कळलं असतं तरी फार काही करता आलं नसतं, असं ते इक्बालभाईंना म्हणाले. इक्बालभाईंनी ते वाक्य मला पुन्हा पुन्हा सांगितलं. माझ्यासाठीच सांगत होते, हे मला कळत होतं. तुझा नवरा फार चांगला माणूस आहे, शमीम. हेही मी तुला कधी म्हटलं नव्हतं.

पार्किंगमधल्या त्या वाक्याबद्दल मला माफी मागायची होती. हॉस्पिटलमध्ये रोज यायचे तेव्हा वाटेत ठरवून यायचे. पण आजारी माणसाची माफी मागितली तर तो जाणार असं आपण धरून चाललोय असं त्याला वाटेल, असं मनात यायचं. मग मी तुझे केस विंचरायचे आणि शाळेतलं काहीतरी सांगायचे. तू हसायचीस. तूही तो विषय काढला नाहीस.

शेवटच्या आधीच्या आठवड्यात एका सकाळी तुला बरं वाटत होतं. तू म्हणालीस, "रूथबाईंचं पत्र लिहून घे. मी सांगते." मी फोनवर लिहून घेतलं. तू इंग्रजीत सांगत होतीस, शब्द सापडला नाही की मराठीत, आणि मी तो बदलत होते. अर्धा तास लागला. मध्ये दोनदा नर्स येऊन गेली. पत्रात सगळं साधं आणि सरळ होतं. मृत्युपत्रात काय आहे, कोर्टाच्या वहीत काय आहे, कोणत्या पानावर. 'थॉमसची आई अ‍ॅन. तिचं आडनाव सापडलं नाही. बापाचं नाव तिने सांगितलं नाही, म्हणून मीही लिहिलेलं नाही.' आणि शेवटी, 'तुमच्या वडिलांचं बाकी सगळं काम बरोबर आहे. मी प्रत्येक कागद पाहिला.' हे शेवटचं तू दोनदा वाचून घेतलंस.

"आजच पाठव," म्हणालीस.

दुसऱ्या दिवशी तू डोळे मिटून पडली होतीस. मी खुर्ची ओढली तेव्हा न उघडताच विचारलंस, "पाठवलंस?"

"हो," मी म्हणाले.

पाठवलं नव्हतं. ही पहिली गोष्ट.

का नाही पाठवलं ते मी तीन महिने स्वतःला विचारतेय. म्हातारीची दया आली, हे खरं आहे. पण तेवढंच नाही. आपल्या भांडणात मला हरायचं नव्हतं. तू बरी होशील आणि मग मी तुझं मन वळवेन, असंही कुठेतरी वाटत होतं. ते पत्र गेलं असतं तर तुझं काम संपलं असतं, आणि मला ते संपायला नको होतं. तू "बरं झालं" म्हणालीस आणि माझ्या हातावर हात ठेवलास. मी तो हात काढून घेतला नाही.

पाच दिवसांनी तू गेलीस.

त्या दिवसाबद्दल मी फार लिहू शकत नाही. इक्बालभाईंना तुला खाडीकाठी, तुझ्या अब्बांच्या शेजारी न्यायचं होतं. मग झोया त्यांना म्हणाली, "Then who will visit her, Papa?" आणि त्यांनी इथेच माती द्यायची ठरवलं. दुपारपर्यंत सगळं उरकलंसुद्धा. तुला आंघोळ घालायला तुझ्या नात्यातल्या बायका आत गेल्या. मला कोणी अडवलं नाही. तुझी जाऊ तर "येता का" म्हणून विचारायला आली. पण मला त्यातलं काही येत नव्हतं, कुठे हात लावायचा, काय म्हणायचं, आणि चूक होईल अशी भीती वाटली. मी बाहेर बाकावर झोयाला धरून बसले. ती माझ्याशी मराठीत बोलली. "मावशी, आता काय करतात आत?" एवढंच. मला तेही सांगता आलं नाही.

तुझा चाळिसावा दिवस झाला. तुझ्याकडे सगळे जमले होते, मी बिर्याणीच्या पातेल्याशी उभी होते. घरी येऊन मी फोन उघडला आणि ते पत्र काढलं. आता पाठवायचंच, असं ठरवलं. आणि पाठवताना, शमीम, मी त्यात एक वाक्य घातलं. तू सांगितलेल्या वाक्यांच्या मध्ये, तुझ्या इंग्रजीत मिसळून जाईल असं. 'मात्र सर्व परिस्थिती पाहता रॉबर्ट हेच थॉमसचे वडील असण्याची शक्यता बरीच आहे.' म्हातारीला धरायला काहीतरी हवं, असं मी स्वतःला सांगितलं. खाली तुझं नाव होतं. ही दुसरी गोष्ट.

उत्तर तिसऱ्या दिवशी आलं, रूथबाईंच्या भाचीचं. रूथबाई वारल्या होत्या. तू गेल्यावर साधारण दोन आठवड्यांनी. मी हॉस्पिटलच्या त्या खुर्चीत बसून पाठवलं असतं तर त्यांना ते मिळालं असतं, त्यांनी वाचलं असतं, कदाचित तुला फोनही केला असता.

भाचीने लांबलचक लिहिलं होतं. शेवटच्या दिवसांत मावशी रोज विचारायची, कुवेतहून काही आलं का. तिला लहानपणापासून शंका होती. थॉमसच्या आईबद्दल कोणी विचारलं की तिचे वडील खोलीतून उठून जायचे. वडिलांना काहीतरी सापडलं असणार, असं तिला वाटायचं, पण घरातल्या कोणी विचारायची सोय नव्हती. म्हणून तिने ते खोकं बाहेरच्या, पण विश्वासाच्या माणसाला दिलं. ती शेजारीण खरं सांगेल, असं ती म्हणायची.

ज्यांच्यासाठी मी ते दडवून ठेवलं त्या तेवढ्याचीच वाट बघत होत्या. मी ते पत्र ग्रंथालयात, मुलांच्या आवाजात वाचलं आणि मधली सुट्टी संपेपर्यंत तिथेच बसले. तुला सांगायला हवं, एवढंच डोक्यात होतं. तू किती खूश झाली असतीस. तुझ्या नंबरवर बोट गेलंसुद्धा होतं.

पुढच्या पत्रात भाचीने तुझे खूप आभार मानले होते. उन्हाळ्यात त्यांच्या घराण्याचा मेळावा होता, दूरदूरचे सगळे येणार होते, आणि त्यासाठी ती नवी वंशावळ छापून घेत होती. अ‍ॅनचं नाव घालणार होती. मला बरं वाटलं. निदान अ‍ॅन तिच्या जागी बसेल असं वाटलं.

तीन आठवड्यांपूर्वी तिने त्या छापलेल्या वंशावळीचा फोटो पाठवला. मोठा, देखणा कागद, कडेने वेलबुट्टी. वरती डावीकडे रॉबर्ट हेझलडीन. उजवीकडे अ‍ॅन हेझलडीन. दोघांच्या मध्ये आडवी रेघ, नवराबायकोंमध्ये काढतात तशी, आणि तिच्या मधोमध खाली थॉमस. रॉबर्टची खरी बायको आणि दोन मुली त्यात नव्हत्याच. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'संशोधन: शमीम, कुवेत.'

ज्या माणसाचं नाव तिने कळांमध्येही घेतलं नाही, किंवा मूल ज्याचं नव्हतंच म्हणून घेतलं नाही, त्याच्याशी तिचं लग्न लागलं. माझ्या एका वाक्यावरून. आणि त्याच्याखाली तुझी सही.

मी त्याच दिवशी लिहिलं. ते वाक्य शमीमचं नाही, माझं आहे, ती असं कधीच म्हणाली नव्हती, कृपा करून दुरुस्त करा. उत्तर आलं नाही. दुसरं पत्र लिहिलं, त्यात कोर्टाच्या वहीतलं पान जोडलं, तू खूण केलेली ओळ दाखवली. त्याचं उत्तर आलं. फार गोड बाई आहे ती, वाईट वाटू नये म्हणून काळजीने लिहिते. मेळावा छान झाला, सगळ्यांनी प्रती घरी नेल्या, आणि अ‍ॅनला अखेर कुटुंबात जागा मिळाली म्हणून कितीतरी जणींच्या डोळ्यांत पाणी आलं. आता परत बोलावून घेणं शक्य नाही. शिवाय शक्यता तर आहेच ना, असं तिने विचारलं होतं. पार्किंगमध्ये मी तुला जे विचारलं होतं तेच, जवळजवळ त्याच शब्दांत.

मी तिसरं पत्र लिहिलं. या वेळी तू मला जे सांगितलं होतंस ते सगळं लिहिलं, की अ‍ॅनकडे स्वतःचं म्हणून तेवढंच होतं. तुझ्याइतकं नीट जमलं नाही. निदान तुझं नाव तरी त्यावरून काढा, असंही लिहिलं. ते वाक्य मी एकदा खोडलं, कारण सहा वर्षांच्या तुझ्या कामाची जगात तेवढीच एक खूण आहे आणि मीच ती पुसायला सांगत होते. मग परत लिहिलं आणि पाठवलं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. येईल असं वाटत नाही. ते तिचं घराणं आहे. मी कोण त्यांची?

झोयाला मी हे सगळं सांगितलं. कोणाला तरी सांगायलाच हवं होतं. ती आता सतरा वर्षांची आहे, तुझ्यासारखी ऐकताना खाली बघते. मला वाटलं चिडेल. तिने फक्त विचारलं, "So there is no way to fix it?" मी म्हटलं, "नाही गं." मग म्हणाली, "मला ते वाचायला शिकव ना, मावशी." मी म्हटलं, "मला येत नाही. मी फक्त टाइप करायचे. वाचायची तुझी आई."

आज सकाळी मी त्या वंशावळीचा फोटो कागदावर छापून घेतला. पट्टी घेतली, निळं पेन घेतलं, रॉबर्ट आणि अ‍ॅनमधली रेघ खोडली. अ‍ॅनपुढचं आडनाव खोडलं. तुझं नाव तसंच ठेवलं. माझ्याकडे ही एकच प्रत आहे. बाकीच्या सगळ्या त्यांच्या घरांत, भिंतींवर लागल्या आहेत.